शंभरावर ठेवलेलं बोट

मला कोणी काही विचारलं की मी अंगणात उत्तर देतो. घरात नेऊन, दार लोटून, हळू आवाजात बोलायची मला सवय नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, पण आजवर कोणापुढं मान खाली घालून उभा राहिलो नाही. म्हणून पुण्याहून एक मुलगा आणि एक मुलगी टॅब घेऊन आले आणि मुलगी म्हणाली, "आजोबा, आत बसूया का? प्रश्न जरा खासगी आहेत," तेव्हा मी खाट अंगणातच टाकली.

"काऊन आत? मी का चोरी केली? विचार इथंच."

ते कशासाठी आले होते ते सांगतो. आमचं गाव केशोरीच्या अलीकडं, धानाच्या मुलखात. तरणी माणसं कामाला नागपूर, हैदराबाद, पुण्याकडं गेली. घराघरात एकेक म्हातारं उरलं. बायको गेल्यापासून माझ्याही घरात मी एकटा. मुलगा रविवारी फोन करतो. जेवला का विचारतो, मी जेवलो म्हणतो, मग तिकडून टीव्हीचा आवाज येत राहतो आणि फोन संपतो.

आमच्यासारख्यांसाठी एका संस्थेनं गावात एक बाई नेमली होती. गावचीच सून, बुद्धटोली म्हणतात त्या वस्तीतली. दर बाजाराच्या दिवशी ती घरी यायची. दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची, गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून मी खाल्ल्या की नाही ते तपासायची. या सगळ्याला वेळ फारसा लागत नाही. पण ती बसायची. कोरा चहा मी करायचो.

"आबाजी, साखर कमी टाका," ती पहिल्यांदा म्हणाली.

"हा कप तुला आहे. तुझी साखर कोन मोजते?"

ती हसली. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसलं होतं. पुढं बाजाराच्या दिवशी सकाळी मी दाढी करायला लागलो.

तर बाईच्या या भेटी चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे ठरवायला हे दोघे आले होते. संस्थेचा पैसा लागतो, तर त्यातून लोकांचं काही बरं होतं का, हे मोजायचं होतं. मुलीनं ते सरळ सांगितलं. लपवलं नाही.

समोरच्या छपरीत माझा शेजारी सुपारी कातरत बसला होता. त्याचं माझं बोलणं बंद आहे. आमच्या धानाच्या बांध्या लागून आहेत, त्यांच्या मधल्या धुऱ्याच्या हद्दीवरून वाजलं, तेव्हापासून. तोही एकटाच. बाई माझ्याकडून उठली की त्याच्याकडं जायची. त्यानं तोंड दुसरीकडं केलं होतं, पण अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

चालता येतं का, आंघोळ करता येते का, कुठं दुखतं का. सगळ्याला मी बरोबर आहे म्हणालो. बाई यायला लागायच्या आधीही संस्थेची माणसं असंच विचारून गेली होती, तेव्हाही हेच म्हणालो होतो.

"मन उदास राहतं का? काळजी वाटते का?"

"कायले वाटन? धानाची रोवणी आटोपली, तळ्याबोडीत पानी आहे."

मग तिनं टॅब माझ्याकडं वळवला. त्यावर थर्मामीटरसारखी उभी पट्टी होती, खाली शून्य आणि वर शंभर. आज तुमची तब्येत कुठं आहे तिथं बोट ठेवा, म्हणाली. मी पार वर ठेवलं.

"शंभर?" तो मुलगा म्हणाला. "आजोबा, माझीपण शंभर नाही."

"तू हॉटेलचं खाते. मी माझ्या बांधीतला भात खातो."

शेवटी तिनं विचारलं, समजा तुमची दहा वर्षं उरली आहेत, आजच्याच तब्येतीत. किंवा त्याहून कमी, पण पूर्ण धडधाकट. चांगल्या तब्येतीसाठी तुम्ही किती वर्षं सोडाल?

"एक दिवस नाही सोडत," मी म्हणालो. "माझे आहेत ते."

समोर अडकित्ता पुन्हा वाजायला लागला.

ते दोघे त्याच्याकडं गेले. मी लसूण सोलत बसलो. त्यानंही आत बसायला नाही म्हटलं आणि छपरीतूनच ओरडल्यासारखा बोलला, "शंभर." त्याचे गुडघे मला माहीत आहेत. सकाळी खाटेवरून उठला की तो खांब धरून उभा राहतो, मग कुठं पहिलं पाऊल टाकतो. माझ्या खिडकीतला दिवा किती उशिरा विझतो हे त्यालाही माहीत असणार. पण मी ऐकत असताना तो काय सांगणार आणि तो ऐकत असताना मी काय सांगणार? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी असंच अंगणात बसून सांगितलं.

धान कापून झाल्यावर समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. संस्थेच्या एक मॅडम आल्या होत्या, केस पिकलेल्या, समजेल असं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पैसा मोजका आहे. एका कामाला लावला तर लोकांच्या जगण्यात किती फरक पडतो, आणि तोच दुसऱ्या कामाला लावला तर किती, हे पाहावं लागतं. या भेटी सुरू व्हायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्ही चांगलं आहे म्हणालात. आताही चांगलंच आहे म्हणता. मग फरक काय पडला, हे मी वर कसं दाखवू?"

आता तो पैसा जंगलाकडच्या टोल्यांतल्या पोरांची सिकलसेलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी आणि औषधं यांना लागणार होता. माझ्या पुढच्याच रांगेत एक बाई अशी पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे डोळे पिवळे होते.

मॅडमनी हातातला टॅब बंद केला नाही. "कोणाला काही सांगायचं आहे का? अजून लिहून घेता येईल. इथं नको असेल तर बाहेर येऊन सांगा."

समाजमंदिरात नुसता खोकल्याचा आवाज. त्या पोरीकडं बघून कसं बोलावं, हेही होतं. पण खरं म्हणजे सगळं गाव ऐकत बसलं होतं. मी शेजाऱ्याकडं पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. इतक्या सालांत पहिल्यांदा. मग त्यानं टोपी सारखी केली आणि मी खाली सतरंजीकडं पाहिलं.

शेवटच्या भेटीला बाई आली तेव्हा पट्टा सोडता सोडता म्हणाली, "आबाजी, तुम्ही काऊन शंभर म्हटलं?"

"मंग का म्हनू?"

"जे असन ते म्हनायचं."

"परक्या पोरीले?"

"मीबी परकीच होती न," ती म्हणाली. कप धुऊन पालथा ठेवला आणि गेली. त्या दिवशी तिनं माझा कपही धुतला, एरवी मी धुऊ देत नव्हतो.

आता महिन्यातून एकदा उपकेंद्रात जावं लागतं. बाकावर नंबर लावून बसायचं. बाजाराच्या दिवशी मी दाढी करतो अजून, कारण हात सवयीनं वस्तऱ्याकडं जातो. चहा एका कपाचा टाकतो. रस्त्यानं कोणी गेलं की मान वर होते, मग खाली.

मागच्या खेपेला बाकावर माझ्यानंतर शेजाऱ्याचा नंबर होता. आमच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून तो बसला. सिस्टरनं मला पुढं बोलावलं, बीपी घेतलं आणि खालीच बघत विचारलं, "काही त्रास?"

दार उघडं होतं. बाकावर सगळं ऐकू जातं. शेजारी तर दाराशीच होता. बरोबर आहे, हे शब्द जिभेवर तयारच असतात.

"झोप नाही येत," मी म्हणालो. आवाज कमी केला नाही.

"कधीपासून?"

"बायको गेली तेव्हापासूनच नव्हती. ती बाई यायची तेव्हा थोडी लागत होती."

सिस्टर काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "मलेबी नाही येत, सिस्टर. अन् गुडघे धरतात."

"बाबाजी, तुमचा नंबर आला की सांगा," ती म्हणाली.

मी बाहेर आलो तेव्हा तो आत गेला. मी चपला घातल्या, बाटलीत पाणी भरलं, नळ नीट बंद केला, पुन्हा उघडून बंद केला. तो निघाला, मग मी निघालो. गावाचा रस्ता एकच आहे. तो पुढं, मी मागं. त्याचे गुडघे त्याला चालू देत नव्हते आणि माझे पाय अजून चांगले आहेत, सहज त्याच्या पुढं निघून गेलो असतो. मी पावलं आखडती घेतली आणि गाव येईपर्यंत त्याच्या मागंच राहिलो.