करमलं नाही म्हणू नका, सायकल चालवू दिली नाही म्हणा

तारोडीच्या कोळीवाड्यातून आमचं सामान निघालं तेव्हा टेंपोत सायकलीला जागा नव्हती असं नाही. मागच्या फळीला बांधून ती सहज आली असती, टेंपोवाल्याने दोरसुद्धा काढला होता. पण बाबा म्हणाले, "ती न्हाय बांधायची. ती मी आणतो." आई गॅसची शेगडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती, तिने कपाळाला हात लावला. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओट्यावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, "मीरा रोड काय परदेश हाय? सकाळी गेला तर दुपारी जेवायला परत." सगळे हसले. मीही हसले.

वाटेतल्या मोरव्यापर्यंत टेंपो सायकलवरच्या बाबांच्या मागे मागेच होता, कारण रस्ता अरुंद आणि ड्रायव्हर भला माणूस. पुढे रस्ता रुंद झाला तसा टेंपो निघून गेला. आम्ही बिल्डिंगच्या गेटपाशी सामान उतरवून त्यांची वाट बघत बसलो. आले तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला आणि चेहरा खूश. वॉचमनने अडवलं, "किसके घर जाना है?" बाबा म्हणाले, "माझ्याच." एवढ्या ऐटीत त्यांना बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

हे मी तारोडीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. मुर्धा, राई, उत्तन इथून उठून माझ्यासारखे जे मीरा रोडच्या बिल्डिंगांमध्ये शिरले त्यांच्यासाठीही लिहितेय. मला पत्रकं लिहायची सवय आहे. आम्ही काही मुलं-मुली मिळून स्टेशनबाहेर ती वाटतो, सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना रस्त्यात जागा मिळावी म्हणून. पत्रकात एका बाजूला मागणी असते आणि दुसऱ्या बाजूला कोरं. आज मी ती कोरी बाजू लिहितेय असं समजा.

आम्ही का निघालो ते तुम्हाला माहीत आहे. मला नोकरीला जायला स्टेशन जवळ हवं होतं, आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी होती. बाबांना यातलं काहीच नको होतं. पाठ गेल्यापासून ते बोटीवर जात नव्हते, पण बंदरावर बसून जाळी दुरुस्त करायचे, काकांच्या बोटीची आणि इतरांचीही. ते त्यांचं काम होतं आणि त्यांची माणसंही तिथेच. म्हणून ठरलं, की राहायचं मीरा रोडला आणि रोज सकाळी सायकल काढून बंदरावर जायचं. आईची अट एकच होती, काळोख व्हायच्या आत घरी. या हिशेबावर घर हललं.

तारोडीत फुटपाथ नाही. हा शब्द मी आधी पुस्तकात वाचला आणि मग मीरा रोडला पाहिला. आपल्याकडे रस्ता म्हणजे रस्ता. त्याच्यावर पोरं खेळतात, कडेला बोंबील वाळतात, मधून बस जाते आणि बसचा ड्रायव्हर कोंबडीसाठीही थांबतो. इथे मात्र वाटणी झालेली. वरचं चालणाऱ्यांचं, खालचं गाड्यांचं. मला ते फार सुधारलेलं वाटलं होतं. नंतर कळलं, की वाटणी करताना सायकल कोणाच्या लक्षातच नव्हती.

पहिले काही महिने बाबा फुटपाथवरून सायकल चालवायचे. कारण साधं होतं, त्यांना खालच्या रस्त्याची भीती वाटायची. वादळात बोट आणलेला माणूस, पण मागून येणाऱ्या एसयूव्हीच्या हॉर्नला दचकायचा. फुटपाथ तरी कसला, प्रत्येक बिल्डिंगच्या गेटपाशी तुटलेला, मध्ये विजेची पेटी, पुढे केळीवाल्याची गाडी, त्यापुढे लावलेल्या स्कूटर. बाबा उतरायचे, सायकल उचलून पलीकडे ठेवायचे, परत चढायचे. एकदा वळणावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन समोर आल्या. बाबांनी घंटी वाजवली, त्या घाबरून भिंतीला धडकल्या. लागलं नाही, पण भिंत धरूनच म्हणाल्या, "भाईसाब, रोड पे गाडी, इधर साइकिल, हम बुड्ढे लोग किधर चलें?" बाबा खाली उतरले. "सॉरी बेन," म्हणाले, आणि त्या दिवशी फुटपाथ संपेपर्यंत सायकल हातात धरून चालत गेले.

हंसाबेनचं बरोबर होतं. हे मी आमच्या पत्रकवाल्या गटाच्या मिटिंगमध्येही सांगितलं आणि तिथे माझ्यावर दोघं-तिघं चिडले. सायकल फुटपाथवर चालवू नये. ज्यांना वाटतं चालवावी, त्यांनी माझ्या आईचा हात धरून दही आणायला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दाखवावं. तिच्या कोपराला घासून एक हँडल गेलं, की ती दोन दिवस घराबाहेर पडत नाही. सायकल हे वाहन आहे आणि तिची जागा रस्त्यावरच आहे. फक्त ती जागा कोणीतरी द्यायला हवी ना.

बाबा रस्त्यावर आले. तिथे दुसरीच तऱ्हा. बस अंगावर यायची, शेअर रिक्षावाले डाव्या बाजूने कापून पुढे जाऊन थांबायचे. एकाने तर डोकं बाहेर काढून सांगितलं, "ओ चाचा, ऊपर चढो ना, फुटपाथ खाली पडा है." रात्री जेवताना बाबा म्हणाले, "वरचे म्हणतात खाली जा, खालचे म्हणतात वर जा. मी काय मासा हाय, भरतीला वर आन् ओहोटीला खाली?" आई म्हणाली, "मासा असता तर बरं झालं असतं. बाजारात विकून तरी आले असते." तेव्हा आम्ही असं हसायचो. मी त्यांना आमचं नवं पत्रक दाखवलं. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. "लिवलंय ब्येस," म्हणाले, "पन मला काय देतेस? बसवाल्याला दे."

एक गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बिल्डिंगवाल्यांसाठी सांगते. आपल्याकडे बंदराकडे जाणारी गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोघांतल्या एकाला थांबावंच लागतं. कोणी थांबायचं हे ठरलेलं आहे. ज्याच्या डोक्यावर ओझं, तो चालत राहणार. रिकामा माणूस भिंतीला लागून उभा राहणार. मग तो रिकामा माणूस गावचा पुढारी असो, मास्तर असो, नाहीतर वरात घेऊन निघालेला नवरदेव असो. टोपली घेतलेली बाई आली, की बँडसुद्धा वाजवणं थांबवून बाजूला होतो. कोणी "जरा सरका" म्हणत नाही. ओझं घेतलेल्याला थांबवलं, तर ते परत उचलण्यात त्याचा जीव जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. बाबा या गल्लीत मोठे झाले. त्यांच्या अंगात ते ब्रेकसारखं बसलंय.

त्या सकाळी ते नेहमीसारखे रस्त्याच्या डाव्या कडेने निघाले होते. पुढच्या चौकाआधी एक हमाल फ्रिजचा खोका डोक्यावर घेऊन टेंपोकडून दुकानाकडे रस्ता ओलांडत होता. एका हाताने खोका धरलेला, दुसऱ्या हाताने गाड्यांना थांबा थांबा करतोय, आणि कोणी थांबत नाही. बाबा थांबले. ब्रेक दाबला, पाय टेकवला, आणि गल्लीत उभं राहतात तसे मान जराशी बाजूला करून उभे राहिले. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला वाटलंच नाही, की रस्त्यात कोणी असं कोणासाठी थांबेल.

मनगट मोडलं. मागचं चाक वाकडं झालं. मला फोन आला तेव्हा मी स्टेशनच्या जिन्यावर होते, तिथून पळत गेले. बाबा एका दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि आजूबाजूला चूक कोणाची याचा निकाल लागत होता. स्कूटरवाला, माझ्याच वयाचा, म्हणत होता, "अंकल ने बीच रस्ते में ब्रेक मारा, मैं क्या करता?" एक बाई म्हणाली, "या वयात सायकल कशाला चालवतात?" आमच्याच बिल्डिंगमधला एक माणूसही तिथे होता. सोसायटीच्या मिटिंगमध्ये फुटपाथवरच्या सायकलींविरुद्ध सर्वांत मोठ्या आवाजात तोच बोलला होता. तो मला म्हणाला, "फुटपाथवरून चालवायची ना त्यांनी." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

हमालाने खोका खाली ठेवला होता. बाबांची उडालेली चप्पल त्यानेच शोधून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवून विचारलं, "चाचा, आप रुके काहे?" बाबांनी मराठीतच सांगितलं, "तुझ्या डोक्यावर ओझं होतं." तेवढ्यात दुकानातून कोणीतरी ओरडलं, "अरे वो फ्रिज लाओ ना," आणि तो खोका परत उचलायला गेला. उचलायला कोणी हात लावला नाही. बाबा डाव्या हाताने उठायला लागले, मी त्यांना खाली बसवलं.

प्लॅस्टर निघालं तरी आईने सायकल दुरुस्त करू दिली नाही. बसने जा म्हणाली. बाबा गेले काही दिवस, पण उभं राहून त्यांची पाठ आखडायची आणि मोडलेल्या हाताने वरचा दांडा धरता यायचा नाही. आईने ते बघितलं आणि एके दिवशी मला न विचारता तिनेच काकांना फोन लावला. "ह्यांना तिकडेच राहू द्या. रविवारी इकडे येतील." बाबा कॉटवर बसून ऐकत होते. रात्री मी चिडले, दोघांवरही. आई म्हणाली, "तू लढ गं बाई. पण तुझा रस्ता होईपर्यंत मी ह्यांना त्याच्यावर पाठवणार न्हाय."

आता बाबा काकांकडे राहतात, आई इथे. दोघांत एकही भांडण झालेलं नाही. रोज संध्याकाळी आई फोन करून विचारते, जेवलास का, म्हणजे लोकांसमोर ती "तुम्ही" म्हणते, फोनवर "तू". मी ऐकू येत नसल्यासारखं करते.

आणि तुम्ही गावात म्हणताय, याला मीरा रोडला करमलं न्हाय. काकूने तर आईलाच सांगितलं, कोळ्याचा जीव बिल्डिंगीत रमायचा न्हाय. म्हणूनच हे लिहायला घेतलं, कारण हे खोटं आहे. बाबांना इथे करमत होतं. त्यांना लिफ्ट आवडायची, उगाच एक मजला जास्त जाऊन परत यायचे. हंसाबेन त्यांना सुतरफेणी पाठवायच्या, त्या धक्क्यानंतरही. वॉचमनला ते जाळ्याच्या गाठी शिकवत होते. समुद्राच्या ओढीने कोणी परत गेलेलं नाही. एका माणसाला घरून कामावर आणि कामावरून घरी जायला सायकलभर रस्ता मिळाला नाही, म्हणून तो गेला. ओढबिढ म्हणून ते गोड करू नका. गोड केलं, की कोणालाच काही करावं लागत नाही.

इथल्या माझ्या सोबत्यांनाही सांगते. रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा मारून देतील, त्यावर सायकलचं चित्रही काढतील, आणि दुसऱ्या दिवशी त्या चित्रावर गाडी उभी असेल. तरी मी पत्रकं वाटणार आहे. मला दुसरं येत नाही. पण ते कागद वाटताना पूर्वी मला जो उत्साह यायचा तो आता येत नाही, फक्त राग येतो.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? आधी मी तारोडी सांगायचे, नंतर मीरा रोड सांगायला लागले, आणि दोन्ही वेळा खरंच सांगत होते. आता वाटतं, घर तिथे, जिथून माणूस सकाळी कामाला निघाला, की मागे राहिलेली बाई निवांत भांडी घासायला घेते, फोन हातात धरून बसत नाही. या मोजमापाने बघितलं तर बाबांचं घर तारोडीत आहे. मी निघाले, की आईच्या हातात अजून फोन असतोच, म्हणून माझं आणि आईचं अजून कुठेच नाही, आमचा फक्त फ्लॅट आहे.