महालक्ष्म्यांचे डोळे

कुंचला रंगात बुडवण्याआधी मावशी तो ओठांत धरून त्याचं टोक काढायची. त्यामुळे भाद्रपद जवळ आला की तिचे ओठ कधी पिवळे, कधी लाल दिसत. आज काय रंगवलं, हे विचारावं लागत नसे.

निजामाच्या मुलखातल्या गोरेगावात आमच्या भिंतीला लागूनच मावशीचं, म्हणजे कुंभाराचं घर होतं. मी तेव्हा नवी सून होते. महालक्ष्म्यांचे मातीचे मुखवटे घ्यायला त्यांच्याकडे पार सेनगावाहून माणसं येत. मावशीचा घरधनी ओट्यावर बसलेला असे, उजव्या हातावर उपरणं टाकून. कुणी मुखवटा उचलून म्हणे, “काय डोळे उतरलेत, बाबा.” तो खाली बघे. आतून मावशी म्हणे, “ह्यांचाच हात हाय. मी आपला रंग फिरवते.”

शेजाऱ्याला जे दिसतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. घरधन्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. माती मळण्यापासून भुवई काढण्यापर्यंत सगळं मावशीच करायची, मागच्या पडवीत.

“खोटं काहून बोलता?” मी एकदा विचारलं.

“चाक सुटलं ह्यांचं. नाव तरी राहू दे.”

त्यांना एकच लेक, गंगू. मावशी रंगाच्या हातांनीच तिची वेणी घालायची आणि पोरगी पिवळ्या भांगानं गावभर हिंडायची. “आईनं देवीला रंगवलं का तुला?” असं कुणी विचारलं की म्हणायची, “दोघींना.”

मग ते वर्ष आलं. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं आणि गावागावांत त्याच्या माणसांचा धाक बसला होता. आमची आळी गाड्या जुंपून रिसोडकडे, वऱ्हाडात निघाली. सरहद्दीपलीकडे एका आमराईत आम्ही पालं ठोकली. पावसाचे दिवस, पाणी खराब. पटकी आली आणि गंगू एका दिवसात गेली.

मावशी रडली नाही. आम्ही बायका तिच्याभोवती बसून होतो, ती कधी रडेल याची वाट बघत. संध्याकाळी तिनं मला विचारलं, “ह्यांनी काही खाल्लं का?” दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. सगळ्यांचे मुखवटे घरी राहिलेले. पालात का होईना, देवी बसवायचीच, असं बायकांचं ठरलं. पण मावशीला सुतक. मुखवटे घरधन्याच्याच हातचे असं आळी समजत होती, म्हणून बायका त्याच्याकडे गेल्या.

“सुतक तुमालाबी हाय,” आमच्यातली म्हातारी आत्याबाई म्हणाली, “पण कारागीर तुमीच. देवी समजून घेईल.”

त्यानं उपरणं बाजूला केलं. हात मांडीवर वाळल्या फांदीसारखा पडला होता.

“ह्या हातानं घासबी उचलत न्हाई,” तो म्हणाला. “वारं गेलं तवापासून समदे मुखवटे तिचेच. मी नुसता बसून ऐकून घेतलं.”

मावशी पालाच्या तोंडाशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“मग तिलाच करू द्या,” आत्याबाई म्हणाली.

मावशीनं ओढ्याची माती आणली. दोन देव्या केल्या, त्यांच्यापुढं ठेवायची दोन लेकरं केली, एक मुलगा, एक मुलगी. त्या मुलीच्या चेहऱ्यात गंगू दिसेल, या भीतीनं आम्ही सगळ्या मावशी डोळे काढत असताना बघत होतो. नाही दिसली. दरवर्षीसारखाच चेहरा होता, गोल, नीट.

“मावशी, लई चांगलं झालं,” कुणीतरी म्हणालं. इतक्या वर्षांत असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

थोड्याच दिवसांत राज्य बदललं. गाड्या परत फिरल्या. घराचं छप्पर शाबूत होतं. मावशीनं झाडलोट केली, चूल पेटवली आणि दारात येऊन हाक मारली, “गंगे, पाणी आण गं.”

मी आमच्या ओट्यावर होते. मावशी तशीच उभी राहिली, चौकटीला हात लावून.

घरधनी उठला. डाव्या हातात कळशी घेतली आणि पाय ओढत आडाकडे निघाला. तो अर्धी सांडलेली कळशी घेऊन परत येईपर्यंत ती दारातच होती.