घोलवडच्या वाडीतला एक फोन

सिन्नरहून सकाळची एसटी धरली तेव्हा माझ्या पिशवीत तीन उत्तरांच्या प्रती होत्या. तिन्ही उत्तरं अक्षरन्‌अक्षर सारखी.

मी दूरशिक्षणाच्या केंद्रात अर्थशास्त्र शिकवतो. माझे धडे रेकॉर्ड होऊन ॲपवर जातात, विद्यार्थी घरी ऐकतात आणि उत्तरंही तिथेच पाठवतात. तलासरी तालुक्यातल्या मनीषा आणि रंजना, आणि डहाणूची भाविका, या तिघींच्या नावांपुढे ॲपने लाल खूण केली होती : नक्कल. मी ती खूण मान्य केली, तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षी तिघींना अंतर्गत गुण शून्य. निर्णय सोमवारपर्यंत द्यायचा होता. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "खात्री असेल तर मान्य करा." खात्री नव्हती. मनीषाला फोन केला, तर ती म्हणाली, "रविवारी आम्ही घोलवडला वाडीत असतो. या ना, सर."

जव्हार मागे पडलं तशी हवा दमट झाली. डहाणूहून शेअर रिक्षा मिळाली. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसत होता आणि बांबूंवर बोंबील वाळत होते. शेजारच्या मासळीवाल्या मावशी टोपली सावरत म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात वाटतं?"

"कसं ओळखलंत?"

"नाक धरलंत ना!"

घोलवडला उतरून मी वाडी शोधू लागलो. आमच्याकडे वाडी म्हणजे आठ-दहा घरांची वस्ती. अर्धा तास चाललो, दोन्ही बाजूंना नुसती चिकूची झाडं. शेवटी एका मुकादमाला (मजुरांवर देखरेख करणारा) विचारलं, "काका, वाडी कुठे आली?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, वाडीतच तर उभे आहात." इथे वाडी म्हणजे चिकूची बाग. त्याने झाडांमागे हाक मारली, "मनीषा, तुझे सर हरवले होते, सापडले!"

चिकूच्या ढिगाभोवती तिघी बसल्या होत्या. मनीषा आणि रंजना फळं निवडून क्रेटमध्ये भरत होत्या. भाविकाच्या घरी मासळीचा धंदा. ती रविवारी फक्त अभ्यासाला येते. मधोमध पालथ्या क्रेटवर एक फोन होता आणि त्यातून माझाच आवाज येत होता : "हेडफोन लावा आणि शांत जागी बसा." माझा प्रत्येक धडा याच वाक्याने सुरू होतो. रंजनाने दोन चिकू कानांना लावले. "लावले, सर!" मलाही हसू आवरलं नाही.

पण कागद बाहेर काढले तसं हसणं थांबलं. साठा आणि पुरवठा यांतला फरक स्वतःच्या गावातल्या उदाहरणाने सांगा, असा प्रश्न होता. तिघींनीही चिकूच लिहिला होता.

"फोन माझ्या एकटीकडेच आहे," मनीषा म्हणाली. "आम्ही बोलून ठरवतो, मी टाईप करते. मग तेच तिघींच्या नावाने जातं."

"ते चूकच आहे," मी म्हणालो.

"हो, सर." ती हातातल्या चिकूकडे बघत राहिली. "पण शून्य पडलं तर घरी म्हणतील, बस झालं शिक्षण. आमच्या पाड्यात (वस्तीत) अजून कुणी ग्रॅज्युएट नाय."

आमच्या घरातही माझ्याआधी कुणी नव्हतं. मी दोघींना लांबच्या झाडांखाली पाठवलं आणि एकेकीला तोच प्रश्न तोंडी विचारत माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं. मनीषा म्हणाली, "चिकू पिकला की थांबत नाय. म्हणून साठाच नाय, जेवढा माल तेवढा पुरवठा." भाविका म्हणाली, "मासळीचं तसं नाय. बोंबील स्वस्त असला की आई सुकवते, तो साठा. पावसात बोटी बंद, तेव्हा विकायला काढते, तो पुरवठा. चिकूवाल्यांना जमेल का हे?"

लांबून रंजना ओरडली, "चिकूपण सुकवतात! चिप्स करतात!"

"ए, तुझी पाळी नाय आली!"

मी भाविकाला विचारलं, "मग लेखी उत्तरात बोंबील का नाही?"

"टाईप मनीषा करते ना, सर. तिला चिकूच दिसतात."

दुपारी त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. या वेळी मी नाक धरलं नाही. निघण्यापूर्वी तिन्ही रेकॉर्डिंगं मॅडमना पाठवली.

परतीच्या एसटीत मला आमचा अकरावीचा वर्ग आठवला. तिघांत एक पुस्तक असायचं. माझी जागा समोरची, म्हणून मी उलटी अक्षरं वाचायला शिकलो. ते पुस्तक मधे ठेवणाऱ्या दोघांमुळे मी आज शिकवतो आहे. तरी धडे रेकॉर्ड करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच विद्यार्थी होता, स्वतःचा फोन असलेला.

मोखाड्याच्या पुढे मॅडमचा निरोप आला : "बोंबलाचा मुद्दा छान आहे. तोंडी उत्तरांवर गुण द्या. पुढच्या वेळी मात्र प्रत्येकीने स्वतःच्या आवाजात पाठवायचं." मी लगेच मनीषाला कळवलं. तिचं उत्तर आलं नाही. तिघींचा हसण्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला.

घरी आल्यावर पुढचा धडा रेकॉर्ड करायला बसलो. हेडफोनचं वाक्य तोंडात बसलेलं होतं, ते गिळलं. आता माझा धडा असा सुरू होतो : "फोन मधे ठेवा आणि जवळ बसा."