उजवीकडून आलेला दीड

आकड्यांच्या माळेतली चाल मला लहानपणी चटकन ओळखता यायची, असं मी आयुष्यभर घरात सांगत आले. सुनांनी मुकाट ऐकलं, नातवंडांना तर खरंच वाटलं. त्या हुशार पोरीचं पुढे काय झालं, तेवढं मात्र मी खुबीने गाळत आले. आता लिहायलाच बसले आहे, तर तिची लाज कशाला राखू?

ते निजामाचे दिवस. बदनापूरच्या आमच्या शाळेत सकाळी उर्दू, दुपारी मराठी. उर्दूचे मौलवीसाहेब हिशेबही शिकवायचे. वर्ग सुटायच्या आधी ते फळ्यावर चार-पाच आकडे लिहायचे, उर्दूच्या रीतीने उजवीकडून सुरू करून डावीकडे, आणि म्हणायचे, "बोलो, आगे क्या?" दोन, पाच, आठ, अकरा. आकडे कसे वाढतात ते हेरलं की पुढचा कळतो. मला कळायचा. कळला की मी हात वर करायची नाही, थेट ओरडायची. दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायचं नाही, हीच माझी विद्या. त्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घरी घोकून घेतलेले. त्याची घमेंड वेगळी.

पुढे शिकायचं तर जालन्याला, आत्याकडे राहून. दादांनी सांगून ठेवलं होतं, "शाळा तपासायला मुआयन्याचे साहेब येऊन राह्यले. ते म्हणले पोरगी हुशार, तर धाडीन. न्हाई तर घरी बस अन् भाकरी थाप." माझ्या मनानं मी जालन्याला पोहोचलेच होते. मैत्रिणींचा निरोपही घेऊन झाला होता. एकीला माझी बाहुली देऊन टाकली, आणि दोन दिवसांनी परत मागून घेतली.

साहेब आले. कोट घातलेले, बोलणं मराठी. आम्हा चार मुलींना ओट्यावर बसवलं आणि एकेकीला आत बोलवायचं ठरलं. रेल्वेत रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची मुलगी पहिली उठली. बिचारी बोटांवर मोजणारी. मी तिला कोपराने मागे सारलं आणि आत घुसले.

फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: ३, ६, १२, २४.

"पुढचा आकडा सांग, बाळ," साहेब म्हणाले.

आकडे मराठी आहेत, तर डावीकडून वाचायचे, हे गोठ्यातल्या बैलालाही कळलं असतं. पण मी पडले मौलवीसाहेबांची पट्टशिष्या. नजर गेली सरळ उजव्या टोकाला. चोवीस, निम्मे बारा, निम्मे सहा, निम्मे तीन...

"दीड!" ओट्यावरच्या पोरींना ऐकू जावं अशी मी ओरडले.

साहेबांनी चष्मा काढला. "दीड? आकडे वाढत चाललेत, अन् तू खाली कुठं उतरलीस?"

मौलवीसाहेब कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या बरोबर ध्यानात आलं. "साहब, जरा पूछिए, बच्ची ने कहाँ से शुरू किया," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हळूच, "बोल बेटी, किधर से पढ़ी?"

उजवीकडून. एवढंच म्हणायचं होतं. साहेब हसले असते, कदाचित हुशारही म्हणाले असते. पण मग फळा नीट पाहिला नाही हे कबूल करावं लागलं असतं, आणि महाराणींना ते कसं सोसवणार? मी मान ताठ करून म्हणाले, "जिथून वाचतात तिथून. तुम्हालाच येत न्हाई, तर मला काहून विचारून राह्यले?"

साहेबांनी चष्मा परत लावला. "जा. दुसरीला पाठव."

दुसरीने दोनदा चुकून, बोटं मोजत मोजत अठ्ठेचाळीस सांगितलं. साहेबांनी वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

घरी दादा बैलांना वैरण टाकत होते. "काय म्हणले साहेब?"

"त्या साहेबालाच हिशेब येत न्हाई," मी म्हणाले. "तिनाचं निम्मं दीड, हे बी कळंना त्याला."

दादांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "दीड न्हाई तर काय मंग? निमकी येत न्हाई त्याला?"

"बिलकुल न्हाई."

संध्याकाळी मौलवीसाहेब समजावायला आले, पण दादा त्यांना बोलू देईनात. "साहेबालाच निमकी येत न्हाई, तर त्याच्या हाताखालचे मास्तर काय शिकवतील, मौलवीसाब? अशा शाळेत पोरगी धाडू?"

मौलवीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराआड उभी होते. तेव्हाही एक शब्द पुरला असता. मी चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिले. त्यांनी टोपी सारखी केली, पाणी प्याले आणि गेले.

पंधरा दिवसांनी सांधेवाल्याची मुलगी जालन्याच्या गाडीत बसली. मी चुलीपुढे बसले. पहिली भाकरी थापली, तिला तीन कोपरे आले. बाहेर ओसरीत दादा भावकीला सांगत होते, "आमच्या पोरीपुढं साहेब हरला बरं का!" आणि आत ती दीडशहाणी, पिठाच्या हातांनी, खुशीत हसत होती.