स्टोअरमधले सत्तर दिवस

आमच्या कंपनीच्या पाटीवर 'टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग' असं लिहिलेलं होतं, आणि ती पाटी एका बेकरीच्या डोक्यावर होती. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला, दोन खोल्या, नऊ माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. सकाळी खालून पाव भाजल्याचा वास यायचा आणि अकरापर्यंत कुणाचं कामात लक्ष लागायचं नाही. आता मी पुण्यात एका मोठ्या काचेच्या इमारतीत बसते. तिथे सगळं आहे, वास मात्र कसलाच येत नाही.

मी नक्की काय काम करते हे साताऱ्याला घरी कुणाला कधी कळलं नाही. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती कंपन्यांना सल्ला देते." काकू म्हणायच्या, "सल्ल्याचं बी पैसे मिळत्यात व्हय? आमच्याकडं तर न मागता मिळतोय." मला तेव्हा भयंकर राग यायचा. दर रविवारी साताऱ्याहून परतताना एसटीत मी त्यांना मनातल्या मनात सडेतोड उत्तरं देत यायचे, ती पार कऱ्हाड मागे पडेपर्यंत.

काम तसं साधं होतं. कुपवाडच्या कारखान्यांत जायचं, तिथली माणसं वहीत, फळ्यावर नाहीतर डोक्यात जे ठेवतात ते समजून घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर आणून द्यायचं. आमच्या सरांचा एक नियम होता. नवीन ठिकाणी पहिले आठ दिवस लॅपटॉप उघडायचा नाही. नुसतं बसायचं, बघायचं आणि दुपारी त्यांच्या पंगतीत डबा खायचा. मला हा नियम बावळटपणाचा वाटायचा. इंजिनिअर होऊन दुसऱ्याच्या कारखान्यात मटकीची उसळ खात बसायचं, याला काय कन्सल्टिंग म्हणायचं?

त्याच नियमामुळे मला मामा भेटले. पंपाच्या आत जो दांडा फिरतो, तो शाफ्ट बनवणारा एक कारखाना होता, आणि मामा तिथले स्टोअरकीपर. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, मूळचे कवठेमहांकाळकडच्या दुष्काळी भागातले. घरी मेंढरं होती, भाऊबंद अजून राखायचे. मामांची मिशी आणि इस्त्री दोन्ही कडक. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मालकसुद्धा.

पहिल्याच बैठकीत मालकांनी सरांना आणि मला सरळ सांगितलं होतं, "तुमची सिस्टीम चालू झाली की स्टोअरकीपर लागायचा नाही. मामांना एवढ्यात काही बोलू नका, मी बघतो." सरांनी मान हलवली. मीही हलवली. बाहेर आल्यावर सर गाडीला किक मारता मारता म्हणाले, "आपण निरोप्ये नाही." मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मामांच्या शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायला लागले.

आणि मग अवघड होऊन बसलं. माणूस तुसडा असता तर निभावलं असतं. पण मामा पहिल्याच दुपारी म्हणाले, "मॅडम, भाकरी चालती न्हवं? का शहरातलं प्वाट हाय?" त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्यात टाकली, वर तिखटजाळ ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी सगळी पंगत हसली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले. त्यांची धाकटी लेक मिरजेला नर्सिंगला होती, तिची दोन वर्षं राहिली होती. "तेवढी दोन वर्सं काडली की मग गावाकडं जाऊन निवांत," ते म्हणायचे. मी डब्यात बघत मान हलवायचे.

त्यांच्या स्टोअरमध्ये पोलादाचे गोल बार मांडणीवर रचलेले असायचे, वीस-वीस फुटांचे. पोलादाच्या जाती निराळ्या, दिसायला मात्र सगळे एकसारखे. ओळख पटावी म्हणून मामा बारच्या एका टोकाला रंग फासायचे. कुठल्या जातीला कुठला रंग हे त्यांनीच ठरवलेलं होतं. हिरवा साध्या पोलादाला, तांबडा कडक पोलादाला, अशा चौदा खुणा. त्या मी सगळ्या लिहून घेतल्या. चाकावर घासल्यावर कोणत्या जातीची ठिणगी कशी उडते, पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात गंज लवकर धरतो (त्याची तर ते वेगळी वहीच ठेवायचे), कुठला व्यापारी माप कमी देतो, सगळं विचारलं. एकाही प्रश्नाला त्यांनी "बघू", "नंतर" असं म्हटलं नाही. मी नोकरीच्या पहिल्या वर्षात होते, पण इतकं जीव ओतून शिकवणारा माणूस मला चार वर्षांच्या कॉलेजात भेटला नव्हता.

मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. सकाळी स्कूटी लावताना ठरवायचे आणि दुपारी डबा उघडला की ठेच्याचंच बोलत राहायचे. एकदा तर "मामा, एक बोलायचं होतं," इथपर्यंत आले. ते चष्मा काढून, हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "ही गंजाची वही कधीपासूनची आहे?" त्यांनी चष्मा परत घातला आणि तारीख सांगितली.

त्यांची एक गोष्ट मला खटकायची. मांडणीवरचा बार कटिंग मशीनकडे न्यायच्या आधी ते दोन माणसांना लावून तो अख्खा उलटा फिरवायचे. वीस फुटी बार त्या चिंचोळ्या वाटेत फिरवायचा म्हणजे आरडाओरडा, धक्काबुक्की आणि पाच-सात मिनिटांची खोटी. का फिरवायचा? मी विचारलंच नाही. मिलिटरीतली सवय असणार, असं माझं मीच ठरवून टाकलं. माझ्या अहवालात 'वाया जाणाऱ्या हालचाली' असं एक प्रकरण होतं, त्यात हे पहिल्या क्रमांकावर घातलं आणि वर्षाचे किती तास वाचतील तेही गणित करून दाखवलं. सरांनी पाठ थोपटली. मला आभाळ ठेंगणं झालं.

अहवाल इंग्रजीत होता. नियमाप्रमाणे प्रत्येक पानावर मामांची सही लागत होती. त्यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, "मामा, वाचून सांगते ना."

"तू लिवलंयस म्हंजे बरोबरच आसंल की," ते म्हणाले आणि एकेका पानावर ठसठशीत मराठीत सही करत गेले. बार फिरवण्याच्या त्या पानावरसुद्धा.

सत्तराव्या दिवशी आमची पद्धत सुरू झाली. पेढे वाटले. रंगांच्या जागी आता प्रत्येक बारच्या टोकाला बारकोडचा स्टिकर होता. महिन्याअखेर मामांना शाल आणि नारळ देऊन मालकांनी निरोप दिला. मी त्या समारंभाला गेले नाही. इस्लामपूरला दुसरं काम निघालंय असं सांगितलं, आणि ते खरं करायला इस्लामपूरला जाऊनही आले.

दीड महिन्यानं मालकांचा फोन आला, आवाज चढलेला. कडक पोलादाच्या जागी साध्याचे शाफ्ट गेले होते, गिऱ्हाइकाकडे तुटले होते. आम्ही धावलो. सिस्टीममध्ये एकही चूक सापडेना. स्टोअरमध्ये मात्र अर्धे कापलेले बार कुठल्याच खुणेविना पडलेले, कुणीही कुठलाही उचलत होतं. सर म्हणाले, "मामांना विचारून ये." एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

त्यांचं गाव शोधत गेले. मामा दारात बसून मेंढराच्या पायातला काटा काढत होते. मला बघून उठले, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बार फिरवत न्हाईत आता?"

"नाही."

"मग दुसरं काय हुणार. खुणंचं टोक भाईर आसतंय. तसाच मशीनला घातला तर पैल्यांदा खूणच कापून जाती. म्हून उलटा फिरवायचा, आन् खूण शेवटपातूर राखायची."

मला बाजेवर बसवेना. म्हटलं, "मामा, तुम्ही हे सांगितलं का नाही मला?"

"रोज दावत हुतो की. तू बघत बी हुतीस." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, त्यांना खरोखरच वाटत होतं की मला ते समजलं असणार.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी सांगून टाकलं. तुमची नोकरी जाणार हे मला पहिल्या बैठकीपासून माहीत होतं, तुमची भाकरी खात होते तेव्हाही, तुमच्याकडून सह्या घेतल्या तेव्हाही. लेकीचं शिक्षण राहिलंय हेही माहीत होतं. मी बोलले नाही. चुकलं माझं.

मामांनी मेंढराला सोडलं. हात धोतराला पुसले.

"आगं, मालकानं मला आदल्या दिशीच सांगितलं हुतं," ते म्हणाले. "उद्या एक पोरगी येनार हाय, तिला समदं शिकवा, मग तुमी मोकळं. पोरीचं बी आमचं आमी बघिटलंच की, तिला आता दवाखान्यातनंच थोडं पैसं मिळत्यात."

"मग तरी मला सगळं शिकवलंत?"

"शिकवायचं काम दिलं हुतं, ते केलं. पर डबा सोडताना रोज वाटायचं, पोरगी आज सांगंल, म्हून तर लेकीच्या दोन वर्साचं काडायचो. त्या दिशी तर 'एक बोलायचं हुतं' म्हनालीस, मी चष्मा बी काडला. लय वाट बघिटली बघ."

ते हे रागानं बोलले असते तर मी सुटले असते. त्यांनी आत हाक मारून मामींना माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली, आणि माझ्यानं नको म्हणवलं नाही.