सत्काराला गेलेले तीन डिस्पॅचर

नारळ माझ्या हातात पडायच्या आतच आप्पा स्टेजवर कोसळले. आप्पा म्हणजे सत्कार समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. सत्कार आमचा होता, तीन डिस्पॅचरचा. तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन करता तेव्हा तो उचलून, पत्ता काढून घेऊन, जवळची गाडी पाठवणारा आणि ती येईपर्यंत काय करायचं ते सांगणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. मी अकरा वर्षं हे काम करतेय. आमचं तोंड कुणी बघितलेलं नसतं, म्हणून संकेश्वरच्या मंडळींनी आम्हाला मंगल कार्यालयात बोलावलं होतं. विचार चांगला होता.

बेळगावच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये एका शिफ्टला चौघं असतात. साहेब म्हणाले, "तिघं जा. दोन तासांत काय होतंय?" मागे एकटा महांतेश राहिला.

काही झालं तर आधी फोन करा, असं आप्पांनीच पाच मिनिटांपूर्वी भाषणात सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं. अख्ख्या कार्यालयानं एकदम फोन लावले. एकाच घटनेच्या अशा जादा फोनना आम्ही डुप्लिकेट कॉल म्हणतो. ते ओळखून बंद करायचे असतात. पण कुणी महांतेशला सांगितलं अध्यक्ष पडले, कुणी सांगितलं दहा जण पडले, एकानं तर स्टेजच पाडलं. त्यानं संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी, तिन्हीकडच्या गाड्या सोडल्या. म्हणजे त्या वेळात तिकडे दुसऱ्या कुणाला काही झालं असतं तर देवच वाली.

माझी सहकारी शोभा हुशार. तिनं महांतेशच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला.

"स्टेज कोसळलंय?" त्यानं विचारलं.

"स्टेज धड आहे. पेशंट एकच. संकेश्वरची गाडी येऊ दे, बाकीच्या परत फिरव."

तिसरा सहकारी गाडीला वाट दाखवायला गेटकडे पळाला. आप्पांजवळ राहिले मी. आणि मला काही सुचेना. छाती कशी दाबायची ते मी फोनवर शेकडो लोकांना सांगितलंय. पण असा माणूस समोर पडलेला कधी पाहिला नव्हता. आप्पांचे ओठ निळे पडत चालले होते. खोटं कशाला सांगू, मला तिकडे बघवेना.

मग मी माइक उचलला आणि आप्पांकडे पाठ करून उभी राहिले. समोर बॅनर होता, त्यावर आमचेच फोटो. त्यांच्याकडे बघत म्हणाले, "सगळ्यांनी फोन ठेवा. आप्पांजवळ कोण आहे?"

"मी हाय. शिवाप्पा. आचारी."

"हाक मारा, खांदे हलवा. काही बोलतात?"

"न्हाय."

"छाती वर-खाली होतीय?"

"न्हाय, आक्का!"

"गुडघ्यावर बसा. दोन्ही हात एकावर एक, छातीच्या मधोमध. जोरात, भराभर दाबा. मोठ्यानं मोजा."

"बरगडी मोडंल की!"

"मोडू दे. थांबू नका."

शिवाप्पा कानडीत मोजू लागला. ओंदु, एरडु, मूरु. भाषेवरून आमच्या भागात एरवी मोर्चे निघतात. त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही. तो दमला तेव्हा मी मंडपवाल्याला बसवलं, मग पुन्हा शिवाप्पा. गाडी नवव्या मिनिटाला आली. त्यातल्या मशीननं शॉक दिला. दुसऱ्या शॉकनंतर नाडी लागली.

मी तेव्हा मागे वळले.

दोन दिवसांनी व्हिडिओ फिरला. त्यात आप्पा पडलेत, आचारी घामाघूम झालाय आणि एक बाई बॅनरकडे तोंड करून माइकवर बोलतेय. आई म्हणाली, "माणूस मराय लागलंय आणि तू तोंड फिरवून हुबी? लोक काय म्हणतील?" लोक तेच म्हणत होते. मला ते फार लागलं. दोन रात्री नीट झोपले नाही.

आप्पांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेले, तर शिवाप्पा त्यांच्यासाठी पेजेचा डबा घेऊन आलेला. त्यानंही तेच विचारलं.

"आक्का, तुमी वळून का बघितला न्हाईसा?"

"भ्याले," मी म्हणाले.

"मला बी लई भ्या वाटलं. पळूनच जाणार हुतो. पर तुमी बघंना झालासा, तवा म्हटलं, आता मलाच बघाय पायजे."

आप्पा आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होते. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्यामुळे त्यांना हसता येत नव्हतं.

शिवाप्पाचं ते वाक्य मी आता नव्या डिस्पॅचरना ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगते. दुसऱ्या दिवशी सांगते, की सत्काराला एका वेळी एकानंच जायचं.