काचेचा चुडा

अहेरीच्या आठवडी बाजारात शिरले की मोहफुलांचा आंबूसगोड दर्प, सुक्या मासळीचा उग्र वास आणि कढईत पडणाऱ्या भज्यांचा चुर्र नाद एकदमच अंगावर येतो. पण त्या साऱ्या कल्लोळात माझे कान शोधत असतात ती काचेची किणकिण. तिचा माग घेत मी बांगड्यांच्या दुकानापर्यंत जाते. लहानपणी देवी आल्या आणि माझी दृष्टी घेऊन गेल्या, तेव्हापासून तुमच्यासाठी जो रंग तो माझ्यासाठी नाद. आई रागात आहे की आनंदात, शेजारची नवी सून भांडी घासताना गुणगुणते आहे की त्रासली आहे, हे मला त्यांच्या मनगटांनीच सांगितले. बाईच्या हाताला स्वतःचा एक स्वर असतो असे म्हटले तर तुम्ही हसाल, पण मी शाळेत गाणे शिकवते, तेव्हा एवढ्यापुरता माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आपल्या भाषेने या बांगडीला किती जपले आहे! ती फुटली असे आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. काचेला आणि वातीला लागू नये म्हणून इतके हळुवार होणारे हेच ओठ माणसापाशी आले की आंधळी, लंगडा, बहिरं, जंगली हे शब्द गोटे भिरकावावेत तसे का भिरकावतात? आणि सभेत तर दुसरेच टोक. स्नेहसंमेलनात व्यासपीठावर मी ‘प्रज्ञाचक्षू भगिनी’ झाले आणि माझी मैत्रीण मैनी ‘वनकन्या’. मैनी भामरागडकडची माडिया आदिवासी, आमच्याच शाळेत गणित शिकवते. इतकी भारदस्त बिरुदे वाटून झाल्यावर सूत्रसंचालक तिच्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, त्याईले सांगा, खुर्ची मांगं हाये.” बसायचे मला होते, कान माझे शाबूत होते, गृहस्थ माझ्यापासून हातभर अंतरावर होते, तरी निरोप मैनीमार्फत! आणि खाली उतरल्यावर त्याच गृहस्थांनी तिला विचारले, तुमच्याकडं लोकं भाजी शिजवून खातेत का? अशा वेळी माणसाने हसावे की डोके आपटून घ्यावे?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझे लग्न ठरले. घरात सगळे सगळ्यांना विचारत होते, साडीचा रंग वहिनीला, मुहूर्त भटजींना, पंगतीचे पदार्थ आचाऱ्याला. मला कुणी काही विचारेना. जणू लग्न दुसऱ्याच कुणाचे होते आणि मी त्या घरात आयत्या वेळी आलेली पाहुणी. मग मीही हट्टाला पेटले. चुडा मी निवडणार, आणि तो काचेचाच हवा. अनोळखी घरात, अनोळखी भिंतींमध्ये माझा हात कुठे आहे हे मला ऐकू यावे, आणि ज्याच्याशी संसार करायचा त्यालाही, एवढे एकच मागणे माझे त्या लग्नाकडे होते.

मैनीला घेऊन मी गफूरभाऊंच्या दुकानात गेले. गफूरभाऊ म्हणजे अहेरीतल्या निम्म्या नवऱ्यामुलींना चुडा भरलेला माणूस. त्यांनी माझा पंजा दाबून माप घेतले, साबण लावला आणि मैनीला म्हणाले, “बाईले म्हणा, हात ढिल्ला सोडा.” हात त्यांच्याच हातात होता! मी सोडला. बांगड्या सरसर चढल्या. मनगट हलवून पाहिले तर खटखट, नुसती कोरडी खटखट.

“गफूरभाऊ, या काचेच्या नाहीत.”

“आता काय सांगाव,” गफूरभाऊ पुन्हा मैनीलाच म्हणाले, “काच भिंतीले लागली तं रगत येईन. बाईले कुठी दिसते? अन् ह्या दिसाले सेम टू सेम हायेत.” मग मैनीच्या गोंदलेल्या कपाळाकडे बघून त्यांना आठवले असावे की ही माडिया, लगेच आवाज चढवून, एकेक शब्द तोडत त्यांनी हिंदी सुरू केली, “तुम, समझाव, इनको. और ये लाल मणी देखो, तुमारे लोगों को भोत पसंद.”

दुष्ट माणसाशी कडाकडा भांडता येते, पण कनवाळू माणसाशी कसे भांडायचे? त्यांच्या स्वरात खरीच माया होती, आणि त्या मायेनेच माझ्या डोक्याला ताप झाला होता. माझ्या हाताला जखम होऊ नये म्हणून त्यांनी माझ्या हाताचा आवाजच काढून घेतला होता, तोही न विचारता. लग्नाच्या दिवशी ही खटखट घेऊन मी उभी राहणार होते.

तेवढ्यात मैनी बोलू लागली, अस्खलित माडिया बोलीत. दीर्घ, शांत, वर्गात गणित समजावते तसे. गफूरभाऊ म्हणाले, “मॅडम, मराठीत बोला ना, तुमाले तं येते.” ती पुन्हा माडियात. त्यांनी हिंदीत विनवले, ही माडियातच. बिचाऱ्यांना बोलायला आता माझ्याखेरीज कुणी उरले नव्हते. मग त्यांनी घसा खाकरला, आणि आवाज प्रथमच सरळ माझ्याकडे आला.

“बाई, तुमाले काचेच्याच पाहिजे काय?”

“हो भाऊ. काचेच्याच.”

प्लास्टिक उतरले, काच चढू लागली. पाचव्या की सहाव्या बांगडीला कट् झाले आणि मनगटावर ओला थेंब आला. “फु…” म्हणता म्हणता गफूरभाऊंनी जीभ आवरली आणि कासावीस होऊन म्हणाले, “वाढली बाई. म्हनून म्हनत होतो मी.” तशातही बांगडीसाठी योग्य शब्द त्यांना बरोबर सुचला. मी थेंब पदराला पुसला आणि म्हटले, पुढची घाला. मैनी खुदकन हसून शुद्ध मराठीत म्हणाली, “आणि भाऊ, मणी राहू द्या, मला पण हिरव्याच भरा.”

तेवढ्याने गफूरभाऊ सुधारले असे वाटत असेल तर तुम्ही भोळे आहात. वर्षभराने यजमानांबरोबर पुन्हा त्या दुकानात गेले, तर भाऊंनी आपुलकीने यांनाच विचारले, “साहेब, बाईले काचेच्याच द्याव काय?” माझे कपाळ तापले. मी उजवा हात वर केला आणि मनगट झटकले. चुड्यातल्या उरलेल्या बांगड्या बाजाराच्या गलक्यातही खणखणीत वाजल्या.

“हो बाई,” गफूरभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, “आयकू आलं.”